सूर्याची वीज विणणारे धागे

विटा म्हटले की दोन धंदे डोळ्यांपुढे येतात. एक यंत्रमाग आणि दुसरा गलाई. खानापूर तालुक्याच्या या पट्ट्यात पाऊस बेताचा. म्हणून इथली माणसे एक तर मागाच्या खडखडाटात उभी राहिली, नाहीतर सोने-चांदी गाळण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत पांगली. आपल्या वस्तीतील हातांना या सगळ्यात बहुधा मजुराचीच जागा मिळाली. माग दुसऱ्याचा, सूत दुसऱ्याचे, वीजबिलही दुसऱ्याचे. पण बिल वाढले, वीज गेली, माग थांबला की पहिली कात्री लागते ती मजुराच्या पगाराला. तेव्हा वीज कशी तयार होते आणि उद्या कशी तयार होईल, हा विषय आपल्याला परका नाही.

या लेखात आम्ही वाचकांना एका अवघड नावाच्या वस्तूची ओळख करून देणार आहोत. ती वस्तू म्हणजे सेंद्रिय सौरघटासाठी लागणारा ब्लॉक कोपॉलिमर. नाव ऐकून पान उलटू नका. मागावर काम केलेल्या, किंवा घरी शिवणयंत्र चालवणाऱ्या आमच्या भगिनींना ही वस्तू एखाद्या पदवीधरापेक्षाही लवकर समजेल, अशी आमची खात्री आहे. कारण हे सारे काम धाग्याचे आहे.

बाबासाहेब आणि वीज

विजेचा विषय निघाला की आधी बाबासाहेबांची आठवण काढली पाहिजे. जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. विजेचे आणि पाटबंधाऱ्याचे धोरण त्यांच्याकडेच होते. १९४३ साली वीज धोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी मुद्दा मांडला तो गरिबीचा. उद्योग वाढल्याशिवाय या देशातील दारिद्र्याचा फेरा सुटणार नाही आणि स्वस्त व भरपूर वीज मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत, असे त्यांचे सांगणे होते. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते याच काळात. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो. पण घराघरात दिवा लागावा म्हणून झटलेले बाबासाहेब आपल्या व्याख्यानांत क्वचितच येतात.

ती वीज पाण्याची आणि कोळशाची होती. आता तिच्या जोडीला सूर्य आला आहे.

काच आणि प्लास्टिक

घरांच्या गच्चीवर जे निळसर-काळे पत्रे दिसतात, ते सिलिकॉनचे. सिलिकॉन वाळूतूनच मिळते, पण ते शुद्ध करण्यासाठी भट्टीची प्रचंड उष्णता लागते. पातळ चकत्या कापून त्या काचेखाली बसवाव्या लागतात. एक पॅनेल वीस किलोच्या वर भरते. ते पेलायला भक्कम छत हवे.

सेंद्रिय सौरघट याहून वेगळा. इथे ‘सेंद्रिय’ म्हणजे शेणखताचा नव्हे, तर कार्बनच्या संयुगांचा. सोप्या भाषेत, हा प्लास्टिकचा सौरघट. त्याचे द्रावण शाईसारखे असते आणि ते पातळ फिल्मवर छापता येते. मागावरून कापडाचा तागा गुंडाळत यावा, तसे सौरघटाचे रोल यंत्रावरून गुंडाळत यावेत, हे या शास्त्राचे स्वप्न आहे. असा हलका, वाकणारा पत्रा आपल्या वस्तीतल्या साध्या पत्र्याच्या छपरालाही पेलेल.

प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून तर आपण तारेवर ते चढवतो. मग प्लास्टिकची वीज कशी होणार? १९७७ साली हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडिअर्मिड आणि ॲलन हीगर या तिघांनी दाखवले की एका विशिष्ट प्लास्टिकला आयोडीनची वाफ दिली की त्याची वीज वाहण्याची ताकद लाखो पटींनी वाढते. अशा प्लास्टिकच्या साखळीत कार्बनचे एकेरी आणि दुहेरी बंध आलटून-पालटून येतात, त्यामुळे साखळीवरून इलेक्ट्रॉनला वाट मिळते. या शोधाला २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याआधीच, १९८६ साली, सी. डब्ल्यू. टँग या शास्त्रज्ञाने दोन रंगद्रव्यांचे थर एकावर एक देऊन सौरघट केला होता. एक द्रव्य निळे, शाईत आणि रंगात वापरतात ते तांब्याचे थॅलोसायनिन. दुसरे पेरिलीन या कुळातले. शंभर भाग ऊन पडले तर त्यातून सुमारे एक भाग वीज मिळाली. आकडा लहान, पण वाट सापडली होती.

दहा नॅनोमीटरचे अंतर

शंभरातला एकच भाग का? याचे उत्तर कळले की ब्लॉक कोपॉलिमर कशाला हवा तेही कळेल.

प्लास्टिकवर ऊन पडले की इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून उठतो. पण तो मोकळा होत नाही. मागे राहिलेल्या रिकाम्या जागेशी त्याची जोडी बांधलेलीच राहते. ही जोडी फोडायला दोन वेगळे पदार्थ लागतात. एक इलेक्ट्रॉन देणारा, दुसरा घेणारा. दोघांच्या सीमेवर जोडी पोहोचली तरच ती फुटते आणि वीज मिळते. अडचण अशी की या जोडीचे आयुष्य क्षणभराचे असते आणि तेवढ्यात ती साधारण दहा नॅनोमीटरच चालू शकते. दहा नॅनोमीटर म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. तेवढ्यात सीमा आली नाही, तर ऊन वाया गेले असे समजा.

म्हणून १९९० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी देणारा आणि घेणारा असे दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात कालवून त्यांचा पातळ थर दिला. सगळीकडे सीमाच सीमा झाल्या आणि वीज वाढली. पण तेल आणि पाणी कितीही घुसळले तरी शेवटी वेगळे होतात. या दोन पदार्थांचेही तसेच आहे. उन्हाने घट तापतो, वर्षे जातात, तसतसे दोन्ही पदार्थ आपापले गोळे करू लागतात. गोळे मोठे झाले की सीमा दूर जाते आणि घट मंदावतो.

इथे गलाईची आठवण येते. गलाईवाल्या कारागिराला सोने आणि चांदी वेगळी करायची असते. नायट्रिक आम्लात चांदी विरघळते, सोने तळाशी राहते, की त्याचे काम झाले. सौरघटाच्या शास्त्रज्ञाचे दुखणे नेमके उलटे. त्याचे दोन पदार्थ वेगळे होण्यासाठी धडपडतात आणि त्याला ते जवळच ठेवायचे आहेत. पण पूर्ण मिसळलेलेही नकोत, कारण सीमा तर हवीच.

गाठ मारलेला धागा

या पेचातून सुटण्याची एक युक्ती म्हणजे दोन्ही पदार्थांना टोकाला टोक बांधून टाकणे.

पॉलिमर म्हणजे लांब साखळी. लहान रेणू मण्यांसारखे एकापुढे एक जोडले की पॉलिमर तयार होतो. मराठी विश्वकोशात त्याला बहुवारिक म्हटले आहे. कापूस हा निसर्गाचा पॉलिमर, पॉलिस्टर हा कारखान्याचा. साखळीत दोन प्रकारचे मणी असले की तो कोपॉलिमर. आणि एका प्रकारचे सगळे मणी सलग एका बाजूला, दुसऱ्या प्रकारचे सलग दुसऱ्या बाजूला असले की तो ब्लॉक कोपॉलिमर.

मागावरचा बीम संपत आला की जुन्या ताण्याचे एकेक टोक नव्या ताण्याच्या टोकाला सांधावे लागते. जुन्या बीमचे सूत पांढरे आणि नव्याचे निळे असेल, तर प्रत्येक धागा अर्धा पांढरा, अर्धा निळा झाला. ब्लॉक कोपॉलिमरची साखळी अशीच असते. आता पांढऱ्याला पांढऱ्याजवळ जायचे आहे आणि निळ्याला निळ्याजवळ. पण गाठ सुटत नाही, त्यामुळे कोणालाच फार दूर जाता येत नाही. मग पांढऱ्याचा एक पट्टा, निळ्याचा एक पट्टा, असे बारीक पट्टे आपोआप पडतात. पट्ट्याची रुंदी धाग्याच्या लांबीवर ठरते. साखळी आखूड ठेवली की पट्टा अरुंद. साधारण दहा ते शंभर नॅनोमीटरचे पट्टे अशा रीतीने मिळतात. जोडीला चालायला जे अंतर हवे, त्याच्या आसपासचेच हे माप.

ब्लॉक कोपॉलिमर ही काही केवळ प्रयोगशाळेतील वस्तू नाही. १९६५ च्या सुमारास शेल कंपनीने क्रॅटन नावाने असे रबर बाजारात आणले. त्यात दोन टोकांना कडक प्लास्टिक आणि मध्ये मऊ रबर अशी साखळी असते. या जातीचे रबर बुटांच्या सोलमध्ये, चिकटपट्टीच्या गोंदात आणि रस्त्याच्या डांबरातही जाते. चपलांच्या दुकानात आपण ते हाताळलेलेही असेल.

जिवंत साखळी

असा धागा तयार कसा करतात? यातला मोठा शोध १९५६ सालचा. मायकेल श्वार्क या शास्त्रज्ञाने अशी साखळी तयार केली की मणी संपले तरी तिचे टोक मरत नव्हते. नवे मणी टाकले की ती पुन्हा वाढू लागे. तिला ‘जिवंत’ पॉलिमर म्हणतात. पहिल्या जातीचे मणी संपल्यावर दुसऱ्या जातीचे टाकले, की झाला ब्लॉक कोपॉलिमर.

सौरघटातील एका प्रसिद्ध पॉलिमरचे नाव पी-थ्री-एच-टी. गंधकाचा अणू असलेल्या थायोफीन या रेणूपासून तो बनतो. त्याची पाककृती थोडक्यात अशी. आधी काचेचे भांडे भट्टीत कोरडे करायचे. हवा काढून टाकून त्यात नायट्रोजन किंवा अरगॉन वायू भरायचा. द्रावकातला पाण्याचा शेवटचा अंशही काढायचा, कारण पाण्याच्या थेंबाने साखळी मरते. मग थायोफीनचे मणी मॅग्नेशियमच्या संयुगाने तयार करून घ्यायचे आणि निकेलचे उत्प्रेरक मोजून टाकायचे. उत्प्रेरकाचा एक रेणू, एक साखळी, असा हिशेब. उत्प्रेरक कमी टाकले तर साखळ्या थोड्या पण लांब होतात, जास्त टाकले तर पुष्कळ पण आखूड. इथे स्वयंपाकघरातील अंदाज चालत नाही. मिलिग्रॅमची चूक झाली की पट्ट्याची रुंदी चुकते.

पुढचा खंड जोडण्याच्या दोन वाटा आहेत. एक, जिवंत टोकावर लगेच दुसरे मणी वाढवायचे. दोन, पहिली साखळी तयार करून, तिच्या टोकाला एक आकडा बसवून, त्या आकड्यावर दुसरी साखळी वाढवायची. दुसऱ्या वाटेत सुझुकी यांच्या नावाची रासायनिक अभिक्रिया उपयोगी पडते. तिला २०१० साली नोबेल मिळाले आहे.

काम झाले की सारे द्रावण मिथेनॉलमध्ये ओततात. पॉलिमर गडद रंगाच्या साक्याच्या रूपात खाली बसतो. तो गाळून, गरम द्रावकांनी पुन्हा पुन्हा धुऊन, त्यातील अर्धवट साखळ्या आणि निकेलचे अवशेष काढतात. दोन खंड खरोखर जोडले गेले आहेत, की दोन वेगळ्या साखळ्या नुसत्या मिसळल्या आहेत, हे यंत्रांवर तपासतात. शेवटी तो द्रावणात विरघळवून काचेवर फिरवतात आणि साधारण शंभर नॅनोमीटरचा थर देतात. वर ॲल्युमिनियमसारख्या धातूचा थर चढला की घट तयार.

यातील कित्येक द्रावके ज्वालाग्राही, काही विषारी आहेत. हातमोजे, धूर ओढणारे कपाट आणि चष्मा यांशिवाय हे काम करायचे नसते. कामगाराच्या आरोग्याचा विचार आधी, शोध नंतर, हा नियम प्रयोगशाळेलाही लागू आहे.

पुण्यातील काजूची टरफले

हे सारे परदेशातच चालते असे नाही. पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिचे उद्घाटन १९५० साली झाले. तिथे डॉ. एस. के. आशा यांच्या गटाने २०१० नंतरच्या दशकात ब्लॉक कोपॉलिमरवर महत्त्वाचे काम केले. त्यांच्या कामातील एक धागा कोकणी माणसालाही ओळखीचा वाटेल. काजूच्या टरफलात काळे, जळजळीत तेल असते. काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांची कातडी त्यानेच जाते. या तेलातून पेंटाडेसिल फिनॉल हा पदार्थ मिळवता येतो. आशा यांच्या गटाने त्याला पेरिलीनच्या कुळातील इलेक्ट्रॉन घेणारे द्रव्य जोडले आणि ते ब्लॉक कोपॉलिमरच्या एका खंडावर हायड्रोजन बंधाने टांगले. पक्की गाठ मारण्याऐवजी आकड्याला आकडा अडकवण्याची ही पद्धत. पॉलिमर आपले पट्टे पाडतो आणि टांगलेले द्रव्य त्या पट्ट्यांत ओळीने बसते. ज्या टरफलाने बाईचा हात पोळतो, त्यातून वीज वाहणारा पदार्थ घडतो, ही आम्हाला फार मोठी गोष्ट वाटते.

याच प्रयोगशाळेचे १९८९ ते १९९५ या काळात संचालक असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हे पॉलिमरचेच अभियंता. गोव्यातील माशेल गावी १९४३ साली त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले, आईने मुंबईत मिळेल ते काम करून मुलाला शिकवले. गरिबी ही बुद्धीची उणीव नसते, हे त्यावरून दिसते.

कोठवर आले आहे

आता हिशेबाची गोष्ट. २०१३ साली अमेरिकेतील राइस आणि पेन स्टेट या विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनी ब्लॉक कोपॉलिमरचा घट केला, तेव्हा उन्हाच्या शंभर भागांतून सुमारे तीन भाग वीज मिळाली. २०२१ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी ती अकराच्या पुढे नेली. दोन पदार्थ नुसते कालवलेले सेंद्रिय घट प्रयोगशाळेत वीसच्या आसपास पोहोचले आहेत, पण ते टिकण्याचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. बाजारातील सिलिकॉनची चांगली पॅनेले वीसच्या पुढे वीज देतात आणि त्यांना पंचवीस वर्षांची हमी मिळते. म्हणजे गाठ मारलेला धागा अजून मागे आहे. त्याची आशा टिकाऊपणात आहे.

तेव्हा ‘प्लास्टिकचे सोलर’ म्हणून कोणी दारात येऊन पैसे मागितले, तर देऊ नका. आज घरावर बसवायचे असेल तर सिलिकॉनचेच बसवा. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरवण्यात आले. मात्र त्याला स्वतःचे, वजन पेलणारे छत हवे. ज्याच्या डोक्यावर भाड्याचा पत्रा आहे, त्याने काय करावे? हलक्या, स्वस्त सौरघटाचे संशोधन आपल्या माणसासाठी महत्त्वाचे आहे ते याच कारणाने.

आपली मुले कोठे असतील?

आमचा खरा प्रश्न इथे येतो. उद्या असे पत्रे निघतील तेव्हा आपली मुले कोठे असतील? शिडी धरून छपरावर चढणारा हेल्पर म्हणून, की तो धागा घडवणारी शास्त्रज्ञ म्हणून?

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी स्पष्ट मांडले की केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. ते शिक्षण महाग आहे, म्हणून सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती १९४४ साली. बाबासाहेबांनी सांगितलेली ती वाट आपण किती चाललो, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे. दहावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलीला ‘सायन्स झेपणार नाही’ म्हणून आर्ट्सला घालणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत. क्लासची फी हे त्याचे कारण असते. पण धास्ती हेही असते.

वाट आहे. विट्यात रयत शिक्षण संस्थेचे बळवंत कॉलेज आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे. बी.एस्सी. रसायनशास्त्रानंतर जॅम ही परीक्षा दिली तर आय.आय.टी.त एम.एस्सी.ला जाता येते. त्यापुढे सी.एस.आय.आर.ची नेट परीक्षा आहे. तिच्यातून कनिष्ठ संशोधक म्हणून निवड झाली की फेलोशिप मिळते. २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये झाली. म्हणजे पीएच.डी. करताना घरावर बोजा पडत नाही. परदेशी जायचे तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या परीक्षांना केंद्राच्याच नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. तो अकरावी-बारावीतच काढून ठेवा. दाखल्यावाचून संधी जाऊ देऊ नका.

वाटेत काटेही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. अध्यापकांच्या आरक्षणाचा २०१९ चा केंद्रीय कायदा झाला, तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या काही नामवंत संस्था त्यातून वगळल्या गेल्या. म्हणजे दार उघडे आहे आणि अडसरही आहे. संघटित होऊन अडसर काढायचा, आणि तोवर दारातून आत जाण्याइतकी तयारी करायची, ही दोन्ही कामे आपली आहेत.

मागावर धागा तुटला की माग थांबवून तो सांधतात. तुटला म्हणून कोणी कापड टाकून देत नाही. शिक्षणाचेही तसेच आहे. एखादे वर्ष गेले, एखादी परीक्षा हुकली, घरात आजारपण आले, तर तिथून पुन्हा सांधा. विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांना मूलद्रव्यांचे कोष्टक लावून दाखवा. शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान आणि गणितासाठी द्यावी. आणि मुलगी प्रयोगशाळेत जाते म्हणाली, तर तिला अडवू नका.

जय भीम!